ब्रेकचा जुना धडा

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

नवी गाडी घेतल्याचे कळल्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. फोनवर ती निसटून जाईल, म्हणून लिहितो.

आपल्या प्रीमियर पद्मिनीवर तुला शिकवताना मी कानीकपाळी ओरडत असे, की पावसात ब्रेक दाबून धरू नकोस, दाब-सोड कर. त्या गाडीला ते बरोबरच होते. तिला ड्रम ब्रेक, पाय जोरात पडला की चाके जाम होत, आणि जाम झालेली चाके ओल्या रस्त्यावर नुसती घसरतात, स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही. तुझ्या गाडीत मात्र एबीएस आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचेच झाले. चाक जाम होऊ लागले की ही यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदाला अनेकदा कमी-जास्त करते, म्हणजे माझा पाय करायचा तेच काम, पण कितीतरी वेगाने. म्हणून आणीबाणीत ब्रेक पूर्ण दाब, दाबूनच ठेव आणि गाडी मोकळ्या बाजूला वळव. पायाखाली पेडल थरथरेल, खरखर ऐकू येईल. बिघाड समजून पाय उचलू नकोस. पावसाळ्यात रिकाम्या मैदानावर एकदा करून पाहा, म्हणजे पायाला ओळख होईल.

जुन्या गाडीचा पत्रा जाड म्हणून ती मजबूत, हे माझे म्हणणेही मी मागे घेतो. न चेपणारी गाडी आदळली, तर धक्का थेट आतल्या माणसाला बसतो. नव्या गाडीचा पुढचा भाग तो धक्का सोसून चेपण्यासाठीच बनवलेला असतो. पद्मिनीच्या मागच्या सीटवर तुम्ही दोघे उभे राहून रस्ता पाहत असायचात, हे आठवले की आज अंगावर काटा येतो. मुलांना मागेही पट्टा लावल्याशिवाय निघू नकोस.

एक धडा मात्र तसाच ठेव. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, म्हणजे इंजिनच गाडीचा वेग आवरते आणि ब्रेक कमी लागतो. डिस्क ब्रेकसुद्धा सतत दाबून ठेवले तर तापतात, आणि जळका वास येईपर्यंत बंद काचांच्या गार गाडीत ते कळतही नाही.

गणपतीला कराडहून येशील, तेव्हा कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरच गिअर खाली घे. पोफळीला पोचलीस की फोन कर.

तुझे बाबा