फाशीच्या निकालपत्रातील कोरी जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सध्या फाशीच्या शिक्षेवर उलटसुलट पत्रे येत आहेत. अत्याचार करून खून करणाऱ्यांना वर्षानुवर्षे तुरुंगात पोसण्याऐवजी महिनाभरात फासावर चढवावे, असे एक बाजू म्हणते. फाशी ही रानटी शिक्षा असून तुरुंग हे सुधारगृह असले पाहिजे, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्हीकडची कळकळ खरी आहे. मात्र फाशी आणि सुधारणा हे जणू परस्परांचे हाडवैरी आहेत आणि आपण त्यांपैकी एकाची निवड करायची आहे, अशी मांडणी दोन्हीकडून होते, ती आपल्या कायद्याला धरून नाही. सत्र न्यायालयात बावीस वर्षे सरकारी वकील म्हणून काम करून मी निवृत्त झालो आहे आणि त्या काळात दोन खटल्यांत मी स्वतः फाशीची मागणी केली होती, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने खुनासाठी जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद ठरवला. फाशी द्यायची तर न्यायाधीशाने विशेष कारणे लिहावीत, असे बंधन घातले. पुढे १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फाशी वैध ठरवली, पण ती फक्त 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणांपुरती; हे शब्द तेव्हापासून वृत्तपत्रांच्या मथळ्यांत रुळले. त्याच निकालाचा उरलेला भाग मात्र फारसा कोणाच्या ओठी आला नाही. आरोपी सुधारण्याची आणि समाजात पुन्हा सामावला जाण्याची शक्यता न्यायालयाने तपासली पाहिजे, आणि तशी शक्यता नाही हे पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी सरकारची आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे सुधारणेचा प्रश्न फाशीच्या विरोधकांनी बाहेरून आणून चिकटवलेला नाही. फाशी द्यावी की नाही हे ठरवण्याच्या कसोटीतच तो आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचे काम आरोपीच्या वकिलाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, सरकारी वकिलाचे आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. न्यायाधीश आरोपीला दोषी ठरवतात, मग शिक्षेबाबत त्याचे म्हणणे ऐकण्याचा टप्पा येतो. माझ्या काळात हा टप्पा पुष्कळदा त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर उरकला जाई. आरोपीचा वकील, जो बहुधा सरकारी खर्चाने मिळालेला आणि आरोपीच्या घरच्यांना कधीही न भेटलेला असे, तो उठून सांगे की अशील तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया दाखवावी. मग मी उठत असे. माझ्या एका खटल्यात न्यायाधीशांनी मला थेट विचारले होते, "हा माणूस सुधारण्यापलीकडे गेला आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?" मी उत्तर दिले, "गुन्ह्याच्या स्वरूपावरूनच ते दिसते." त्या वेळी तो आरोपी चार वर्षे कच्चा कैदी म्हणून तुरुंगात होता. तिथे तो कसा वागला, कोणते काम शिकला, कोणाशी भांडला, त्याच्या मनाची अवस्था काय होती, यातले काहीही मला ठाऊक नव्हते. तुरुंग अधीक्षकांना एक पत्र पाठवून ते विचारावे, असेही सुचले नव्हते. न्यायाधीशांनी माझे वाक्य जवळपास जसेच्या तसे निकालपत्रात उतरवले. उच्च न्यायालयात त्या आरोपीची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली, तेव्हा मला राग आला होता. आज वाटते, त्या निकालपत्रात जिथे पुरावा असायला हवा होता, तिथे माझे मत होते.

यातला विरोधाभास असा की ही माहिती सरकारजवळच असते. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचे ब्रीदवाक्यच 'सुधारणा व पुनर्वसन' आहे. एकाच राज्याचे एक खाते कैद्याला शिकवते, त्याची नोंद ठेवते. आणि त्याच राज्याचा वकील न्यायालयात उभा राहून हा माणूस सुधारणे अशक्य आहे असे सांगतो, पण पहिल्या खात्याचा कागद कधी मागवत नाही.

पुण्यात पौड फाट्याजवळ ऑगस्ट १९९४ मध्ये एका कुटुंबातील पाच स्त्रिया आणि दोन मुले अशा सात जणांची हत्या झाली होती. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. ज्यांनी त्या दिवसांतले पुणे पाहिले आहे, त्यांना लोकांची चीड आठवत असेल. त्या खटल्यात १९९८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावलेल्यांपैकी एकाचे वय न्यायालयाने विशीच्या पुढचे धरले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ती फाशी कायम केली. पुढे राजस्थानातील त्याच्या शाळेचे दप्तर समोर आले, सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवून घेतली आणि २७ मार्च २०२३ रोजी असा निर्णय दिला की घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. तो सुटला, तेव्हा अठ्ठावीस वर्षे तुरुंगात होता, आणि त्यांतली सुमारे पंचवीस फाशीचा कैदी म्हणून. बालगुन्हेगार म्हणून त्याला फार तर तीन वर्षे ठेवता आले असते. या काळात तो कोठडीत राहून एम.ए.पर्यंत शिकला. ज्याला आपण सुधारणेच्या पलीकडचा ठरवले होते, त्याला शिकण्याची मुभा आपल्याच तुरुंगाने दिली होती. शाळेचा तो दाखला सापडण्याआधी दोर ओढला गेला असता, तर ही चूक कोणी दुरुस्त केली असती?

हा एकमेव अपवाद असता, तर मी गप्प बसलो असतो. नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर २००३ मध्ये एका कुटुंबावर झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तीही पुन्हा फाशी केली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले, प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि पुढील तपास करायला सांगितले. जखमी साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळीच चार माणसे ओळखली होती, आणि त्यांचा मागच घेतला गेला नव्हता. सरकारी वकील म्हणून काम केलेल्या माणसाला हा निकाल वाचताना मान खाली घालावी लागते. आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांच्या दृष्टीने पाहिले, तर खरे गुन्हेगार सोळा वर्षे मोकळे राहिले.

नातेवाइकांचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ढकललेला नाही. न्यायालयाच्या वऱ्हांड्यात, प्रत्येक तारखेला घरचा डबा घेऊन येणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासमोर सुधारणेच्या गोष्टी करायला जीभ रेटत नाही. पण याच लोकांचे सर्वात मोठे नुकसान घाईने दिलेल्या फाशीमुळे होते, असे माझे ठाम मत झाले आहे. नागपूरच्या २००८ मधील चार वर्षांच्या मुलीच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फाशी कायम केली, २०१७ मध्ये फेरविचार फेटाळला, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्जही नामंजूर झाला; आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला शिक्षेचा प्रश्न नव्याने ऐकायचे ठरवावे लागले, कारण आरोपीच्या पार्श्वभूमीची आणि तुरुंगातील वागणुकीची जी तपासणी व्हायला हवी होती, ती झालेलीच नव्हती. म्हणजे मुलीच्या आईवडिलांना सतरा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले. पुण्यात २००७ मध्ये कॉल सेंटरच्या एका कर्मचारी तरुणीवर झालेल्या अत्याचार व खुनाच्या खटल्यात दयेचे अर्ज निकाली काढण्यात आणि त्यानंतर फाशीची तारीख ठरवण्यात सरकारी दप्तरांनी इतका वेळ घालवला की, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींची फाशीही सरकारी दिरंगाईमुळेच जानेवारी २०२२ मध्ये रद्द झाली. पीडितांच्या घरच्यांना फाशीचे वचन द्यायचे, वीस वर्षे तिष्ठत ठेवायचे आणि मग ते मोडायचे, यापेक्षा पहिल्याच दिवशी पक्की जन्मठेप देणे अधिक प्रामाणिक नाही का?

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे आणि मग मोकळा, ही समजूत इतकी घट्ट आहे की सुशिक्षित लोकही ती बोलून दाखवतात. कायद्यात चौदा वर्षे आहेत ती अशी की, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला सरकार त्याआधी सोडूच शकत नाही. त्यानंतर सोडलेच पाहिजे, असे कुठेही लिहिलेले नाही. २००८ पासून तर सर्वोच्च न्यायालय माफी न देता वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत कैद अशा शिक्षाही देत आले आहे. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द केली, ती मरेपर्यंत कैद आणि संचित वा अभिवचन रजाही (फर्लो वा पॅरोल) नाही या अटीवर. फाशीने पश्चात्तापाची शक्यताच संपते, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. ते मला पटते, पण ज्याला पुन्हा कधी बाहेरचे जग दिसणार नाही, त्याच्या पश्चात्तापाचे आपण पुढे करणार काय, हा प्रश्नही त्याच निकालाने उभा केला आहे आणि त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

मी तुरुंगांबद्दल भाबडा नाही. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, आणि शंभर कैद्यांच्या जागेत सरासरी १३१ कैदी कोंबलेले होते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात झोपायला पाळ्या लावाव्या लागतात, हे अनेक कच्च्या कैद्यांनी मला स्वतः सांगितले आहे. अशा गर्दीत कोणी सुधारला, तर ते त्याचे स्वतःचे कर्तृत्व. पण हेही खरे की आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे, औंधच्या राजाने १९३९ मध्ये सुरू केलेल्या खुल्या वसाहतीत खुनाच्या गुन्ह्यातील कैदी आपल्या बायकामुलांसह राहून शेती करीत आले आहेत. येरवड्यात १ मे २०२२ पासून राज्य सहकारी बँक 'जिव्हाळा' योजनेतून कैद्यांना पन्नास हजारांपर्यंत कर्ज देते आणि ते कैद्याच्या तुरुंगातील मजुरीतून फेडले जाते. संशोधनातील आकडे मी मांडत बसत नाही. माणूस बदलू शकतो या गृहीतकावर आपले राज्यकर्ते ऐंशीहून अधिक वर्षे पैसे आणि जमीन गुंतवीत आले आहेत, एवढे पुरेसे आहे.

२०१९ मध्ये आपल्याच राज्यातील एका फाशीच्या कैद्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली, तेव्हा त्याने तुरुंगात लिहिलेल्या कविता विचारात घेतल्या होत्या. बातमी छान झाली. पण ज्याला कविता करता येत नाही, त्याने काय करायचे? म्हणूनच मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली पद्धत मला मोलाची वाटते. फाशीचा विचार करण्यापूर्वी सत्र न्यायालयातच आरोपीच्या कुटुंबाची, शिक्षणाची आणि गरिबीची माहिती, मानसिक तपासणीचा अहवाल आणि तुरुंगातील वागणुकीचा अहवाल समोर यावा, आणि त्यासाठी सरकारने सुरुवातीपासूनच माहिती गोळा करावी, असे त्यात सांगितले आहे. यामुळे खरोखर सुधारण्यापलीकडचा माणूस निघाला, तर फाशी मागणाऱ्या वकिलाची बाजू भक्कमच होईल. फाशी पूर्णपणे रद्द व्हावी, या मताकडे मी वयाबरोबर झुकत चाललो आहे. पण माझ्याशी सहमत नसणाऱ्यांनाही या एका गोष्टीवर माझ्याबरोबर यायला हरकत नसावी.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर तिथल्या रेल्वे स्थानकात २० ऑगस्ट २०२४ रोजी रुळांवर उतरून आरोपीला फाशीची मागणी करणाऱ्या जमावाचा राग समजण्याजोगा होता. महिनाभरानंतर, २३ सप्टेंबरला, तो आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, आणि न्यायालयाला त्याच्या दोषाबद्दल काहीच ठरवता आले नाही.

तेव्हा आपल्याकडे एक विनंती आहे. जिल्ह्यातील न्यायालयात फाशीची शिक्षा झाली की आपले वार्ताहर निकाल लागताच बातमी पाठवतात. आरोपीचा चेहरा, आईची प्रतिक्रिया, वकिलाचे छायाचित्र सारे त्यात असते. त्याच बातमीत एक ओळ अधिक छापावी: दोषी ठरवणे आणि शिक्षा सुनावणे यांत किती दिवस गेले, आणि तुरुंग अधीक्षकांचा व मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल न्यायालयासमोर आला होता की नाही. अहवाल आला नसेल, तर सरकारी वकिलाला त्याचे कारण विचारावे. माझ्या काळात मला कोणी ते विचारले नव्हते.

आपला नम्र,
एक निवृत्त सरकारी वकील, सातारा