आशिषच्या प्रवेशाविषयी

कोल्हापूर,
१४ सप्टेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आशिषने एम.एस्सी.ला वनस्पती परिस्थितिकीकडे, म्हणजे वनस्पती आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याच्या अभ्यासाकडे वळावे का, असे तू विचारले आहेस आणि त्याला रानफुलांची आवड आहे, एवढेच कारण दिले आहेस. आवड हवीच, पण तेवढ्यावर दोन वर्षे निभणार नाहीत. एखादे झुडूप इथेच का आणि हातभर पलीकडे का नाही, या प्रश्नाने ज्याला चैन पडत नाही, त्याने खुशाल यावे.

आमचे सध्याचे काम कासच्या पठारावर आहे. एक मीटर बाजूची चौकट मांडायची, आतल्या प्रत्येक जातीची नोंद करायची आणि सळई खालच्या जांभा खडकाला टेकेपर्यंत खुपसून मातीची खोली मोजायची. सळई दोन-तीन सेंटिमीटरांवरच अडली आणि वरून पाणी झिरपत असले, तर तिथे बहुधा सीतेची आसवे आणि गेंद ही बुटकी रानफुले दाटीने सापडतात. माती खोल झाली की गवते वरचढ होतात. या पातळ मातीत नत्र आणि स्फुरद इतके तुटपुंजे असते की सीतेची आसवे ही खरी मुळेच नसलेली वनस्पती बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. पर्यटक ज्या जांभळ्या बहराचे फोटो काढतात, तो या उपासमारीच्या जमिनीवरचा आहे, हे मला आजही नवलाचे वाटते. गेंदाच्या काही जाती तर इतक्या सारख्या की बियांचे कवच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून नाव लिहिण्याचे धाडस होत नाही, त्यामुळे भिजलेल्या पुड्या उलगडत रात्री जागणे आलेच.

याशिवाय संख्याशास्त्र आहे. चौकट फुलांवरच मांडण्याचा मोह होतो, म्हणून जागा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या निघालेल्या, अंकांनी ठरवायच्या आणि तिथे नुसता कातळ निघाला तरी तोही लिहायचा. एकाच डबक्याभोवतीच्या दहा चौकटी म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. आशिषने गणिताला रामराम ठोकला असेल, तर त्याला हे आधीच सांग.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेले. गर्दीपासून फुले वाचावीत म्हणून तिथे कुंपण घातले, त्याने गुरांची चराईही थांबली, आणि पुढे फुले घटल्याची ओरड झाल्यावर ते कुंपण काढले गेले. गुरे गवत खाऊन बुटक्या रोपांना ऊन मिळवून देत होती, हे कारण पटण्याजोगे आहे. परंतु त्याच काळात माणसांची वर्दळ होती आणि पाऊसही दरवर्षी सारखा नव्हता. यांतला कोणाचा वाटा किती, हे ठरवायला चराईचे आणि बिनचराईचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षे मोजावे लागतात, आणि विद्यार्थ्याचा प्रबंध तर एका पावसाळ्यात उरकावा लागतो. म्हणून आशिषने प्रवेश घेताना विभागाची इमारत पाहू नये. एकच जागा अनेक वर्षे मोजणारा मार्गदर्शक तिथे आहे का, तेवढे पाहावे.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा पठारावर असू. त्याला पाठव, रेनकोट आणि पेन्सिल आणायला सांग, कारण पावसात पेनाची शाई फुटते. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक