सुमीला, बिरड्याच्या सणादिवशी

दिमोना, इस्राएल,
रविवार, 3 ऑगस्ट 2025

प्रिय सुमे,

वर नमस्कार लिहिला नाही म्हणून नाक फुगवू नकोस. आज कुणाला नमस्कार-चमत्कार करायचा नसतो. दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही, त्याच्या शिव्या मात्र आज चालतील. तब्येत म्हणशील तर गुडघे आणि साखर, नेहमीचंच. जूनमधले इराणच्या युद्धाचे ते बारा दिवस आसऱ्याच्या खोलीत काढले, तेही सरले.

आज आम्हा यहुद्यांचा उपास. तीन वाजलेत, म्हणजे पाणी मिळायला अजून पाच तास. आठवतो का बिरड्याचा सण? आमच्याकडे वाल सोलायला बसले की तू आमच्या आळीत येऊन विचारायचीस, "बिरडं खायचं, तर रडता कशाला गं?" एकदा त्यावरून तुझी वेणी ओढली होती मी. देऊळ पडलं म्हणून रडायचं, एवढंच मला ठाऊक. कुठलं देऊळ, कुणी पाडलं, काही पत्ता नाही. आमचे पूर्वज ज्या जहाजातून आले आणि जे नवगावला फुटलं, त्याच जहाजात ते देऊळही बुडालं असावं, अशी माझी समजूत होती.

तर आता तेच देऊळ माझ्या रूथीच्या लग्नाआड आलंय.

रूथीचं परत जमलंय. मुलगा (मुलगा कसला, 45 वर्षांचा बाप्या) रुग्णवाहिका चालवतो. ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावरचं घराणं. स्वभावाने लोणी. आडनाव कोहेन. आडनाव ऐकलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता, पण बोलले नाही. नोंदणीच्या कार्यालयात मी बरोबर गेले होते. तिथल्या माणसाने रूथीचा काडीमोडाचा कागद पाहिला, याचं आडनाव पाहिलं आणि फाइल मिटली. उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं. त्याने आम्हाला पाणी विचारलं गं! आमच्या तोरा ग्रंथातलं लेवीय पुस्तक, 21 वा अध्याय: कोहेनाने सोडलेली बाई करू नये. आणि इथे दोन यहुद्यांचं लग्न रब्बींच्या हातूनच लागतं. तुझ्यासारखं रजिस्टर लग्न ही सोयच नाही.

अगं, पण कोहेन म्हणजे कोण? देवळातला पुजारी. बळीचं रक्त वेदीवर शिंपडायचं, धूप जाळायचा, म्हणून त्याचं सोवळं कडक. ते यरुशलेमचं देऊळ टायटसच्या रोमन फौजेने सन 70 मध्ये जाळलं. 613 आज्ञा म्हणतो आम्ही, पण त्यातल्या निम्म्याहून जास्त आज पाळताच येत नाहीत. वेदीच नाही तर बकरा कुठे नेणार? तेव्हा योहानान बेन झक्काई आणि त्यांच्यासारख्या रब्बींनी यावने गावात बसून मोडक्या संसारातलं उचलता येईल तेवढं उचललं. बळीच्या वेळा होत्या त्या प्रार्थनेच्या वेळा झाल्या. सुक्कोथला, म्हणजे मांडवांच्या सणाला, खजुराची झावळी देवळात सात दिवस हाती धरायचे, गावोगाव एकच दिवस. त्यांनी ती सगळीकडे सात दिवस केली, देवळाची आठवण म्हणून. शहाणी माणसं. त्यांच्यामुळेच तर आपल्या अलिबागच्या मशिदीत (आमच्या सिनेगॉगला मशीदच म्हणायचो ना) माझे बाबा शनिवारी उभे राहू शकले. पण वेदी गेली, धूप गेला, आणि पुजाऱ्याचं सोवळं तेवढं मागे राहिलं. ते बरोबर माझ्याच पोरीला शिवलं.

आणि सोवळं तरी कसलं! कोहेनाने प्रेताजवळ जायचं नाही. आमचा हा गाडीतून किती मेलेली माणसं उतरवतो, त्याची चौकशी कुणी करत नाही. प्रेताचा विटाळ जायला तांबड्या कालवडीची राख पाण्यात घालून शिंपडावी लागते, आणि मिश्ना या रब्बींच्या जुन्या ग्रंथाच्या हिशोबाने आजवर अशा नऊच कालवडी झाल्या. दहावी मशीहा करील. 2022 मध्ये टेक्सासहून पाच कालवडी विमानाने आणल्या इथे. दोन केस जरी तांबडे नसले तरी कालवड बाद. तेव्हा राख नाही, म्हणजे आम्ही झाडून सगळे विटाळलेले, रब्बीसुद्धा. म्हणून तर देवळाच्या टेकडीवर पाऊल टाकू नका, अशी मुख्य रब्बींची पाटी आहे तिथे. तुझी आजी असती तर म्हणाली असती, एवढं सोवळं आमच्यात पण नाही हो.

त्याच्या आईकडे जेवायला गेलो होतो. घर आरशासारखं, आणि दारासमोरच्या भिंतीवर हातभर चौकोन तसाच सोडलेला, ना गिलावा ना रंग. मी आपलं म्हटलं, "रंग संपला वाटतं?" ह्यांनी टेबलाखालून लाथ मारली. देवळाची आठवण म्हणून तेवढा तुकडा उघडा ठेवतात! पन्नास वर्षं झाली या देशात येऊन, मला माहीत नव्हतं. म्हातारी मात्र हसली. म्हणाली, दर पेसाहाला (वल्हांडणाला) रंगारी हेच विचारतो.

परवा शुक्रवारी तो आमच्या ओट्यापाशी उभा होता. मी हल्लाची, म्हणजे शब्बाथच्या पावाची, कणीक मळून त्यातला लिंबाएवढा गोळा काढला आणि भट्टीत जळायला टाकला. हा गोळा कोहेनाचा. देऊळ असतं आणि तो शुद्ध असता तर त्याने खाल्ला असता. आता कुणीच शुद्ध नाही, म्हणून जाळायचा. मी इतकी वर्षं जाळतेय, आणि ज्याचा तो घास, तो हात बांधून धूर बघत उभा! म्हटलं, खातोस का? तर म्हणतो, "आई, आधी मुलगी द्या."

आता खरं सांगते. अडलंय ते रब्बींपाशी नाही, माझ्यापाशी. पोरं लार्नाकाला जायला तयार आहेत. सायप्रसला नगरपालिकेत सही करायची, परत आलं की इथलं गृहखातं नोंद करतं. त्याला तोरा वाचायला कोहेनाच्या मानाचं पहिलं बोलावणं मिळणार नाही, पण तो म्हणतो, मला शेवटचं बोलावलं ते तेराव्या वर्षी. रूथी खूश, हे खूश. मीच रात्री उठून बसते. 1960 च्या दशकात आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांना पुरते यहुदी मानायला इथले रब्बी तयार नव्हते, लग्न म्हटलं की आज्या-पणज्या उकरायचे. 1964 मध्ये ते मिटलं तेव्हा बाबांनी आख्ख्या आळीत पेढे वाटले, तूही दोन खाल्लेस. एवढं करून मिळवलेली हुप्पा (लग्नाचा मांडव गं), आणि माझी पोर चोरासारखी बोटीच्या गावात जाऊन सही करणार?

हे वाक्य ओळखीचं वाटलं ना? 1979 साली तू रजिस्टर लग्न केलंस तेव्हा तुला लिहिलं होतं मी, "चोरासारखी सही करून आईबापांना काय मिळालं?" चार पानं झाडली होती. तू उत्तर दिलं नाहीस, आणि मग सात वर्षं दोघी गप्प. ते पत्र फाडलं असशील तर बरं. नसशील तर मला पाठव, मला ते वाचायचंय.

अनघाला दुसरी झाली ते कळलं, नाव काय ठेवलं? श्रीकांतरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून घे. पुण्याचा फ्लॅट इतक्यात विकू नकोस.

जावयाची अट एकच. सही झाली की पायाखाली काच फोडणार. देवळासाठीच फोडतात ती. मी म्हटलं, अरे, त्या देवळानेच तर तुला अडवलं! तो खांदे उडवतो.

ऑक्टोबरअखेर, सुक्कोथ उरकल्यावर. तू लार्नाकाला ये. व्हिसाचं श्रीकांतरावांना बघू दे. मलिद्याला पोहे आण, गूळ आपला कोकणातला आण, आणि अर्धा किलो कडवे वाल. इथले भिजतात, पण सालं सोडत नाहीत.

तुझी,
हन्ना