आठ म्हणजे आठ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

आबांना घेऊन काल रात्री सुखरूप घरी पोचलो. फोनवर तू "कसं झालं?" विचारलंस आणि मी "मस्त" एवढंच म्हणून फोन ठेवला, कारण टॅक्सीत आबा शेजारी बसले होते. मला जे सांगायचं होतं ते त्यांच्यासमोर बोलता आलं नसतं. म्हणून हे पत्र. लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

आबांचे कोर्समेट तुला दिवाळीच्या फोनपुरते माहीत आहेत: चंडीगडचे काका, डेहराडूनचे काका आणि जबलपूरचे काका. साठच्या दशकात खडकवासल्याच्या एनडीएत हे चौघं एकाच स्क्वाड्रनला होते. तिथून बाहेर पडले आणि चार दिशांना पांगले. 1971 ची लढाई चौघांनी पाहिली, पण वेगवेगळ्या आघाड्यांवर. पुढे एकाच गावात पोस्टिंग मिळालं ते क्वचितच. गोल्फ सगळ्यांनी फौजेतच उचललं. बहुतेक मोठ्या छावण्यांत गोल्फचं मैदान असतंच, त्यामुळे बदली कुठेही होवो, खेळ सुटला नाही. निवृत्तीनंतर वर्षातून एक शनिवार-रविवार चौघांनी एकत्र खेळायचं, असं त्यांनी ठरवलं आणि आजवर पाळलं. यंदा आबांच्या गुडघ्यामुळे मी सोबत गेलो.

जागा ठरली होती नालदेहरा. सिमल्यापासून मशोब्रामार्गे साधारण 22 किलोमीटर, उंची दोन हजार मीटरच्या आसपास. आपण शाळेत बंगालच्या फाळणीमुळे ज्याचं नाव पाठ करतो, त्या लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली होती, की 1904 साली जन्मलेल्या मुलीच्या नावात त्यानं 'नालदेरा' घातलं. गोल्फचं मैदानही त्याच्याच काळापासूनचं. मैदान म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं सपाट नाहीच. उतारावर देवदार, मधून हिरव्या गवताचे पट्टे, मध्येच महूनागाचं देऊळ, बाजूनं घोड्यावर बसलेले पर्यटक, आणि खाली सतलजचं खोरं. हवा विरळ असल्यामुळे चेंडू पुण्यापेक्षा थोडा लांब जातो. चंडीगडच्या काकांना त्याचा फार आनंद झाला होता.

नियमानं बॅगेत 14 क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, चालतात. आबांनी चढ बघून निम्मे हॉटेलातच ठेवले आणि बाकीची बॅग मी खांद्याला लावली. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोकची बॅग तिच्या वडिलांनी उचलली होती, टोकियोला आईनं, आणि तिथे ती चौथी आली. आमच्याकडे मुलानं बापाची बॅग उचलली. मला खरंच बरं वाटलं, सोनू. चालताना आबा इतकं बोलतात हे मला माहीतच नव्हतं.

आता जबलपूरच्या काकांविषयी. त्यांना अल्झायमर झालाय. आबांनी हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही विमानात बसल्यावर सांगितलं. काकू बरोबर आल्या होत्या. शुक्रवारी रात्री जेवताना काकांनी मला तीनदा विचारलं, "बेटा, तुम किस रेजिमेंट में हो?" मी बँकेत आहे हे तिन्ही वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते खूश झाले.

सकाळी मला वाटत होतं, हे खेळणार कसे? पण पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागी, उभे राहिले, पाय रोवले, एकदा लांब ध्वजाकडे पाहिलं आणि असा सरळ फटका मारला की बॅग उचलणारा कॅडी मुलगा "वाह साब" म्हणून गेला. हातापायांनी वर्षानुवर्षं गिरवलेल्या गोष्टी, पोहणं म्हण, सायकल म्हण, या आजारात बऱ्याचदा सगळ्यात उशिरा जातात. काकांचा स्विंग अजून गेलेला नाही. मारून झाल्यावर मात्र ते आबांकडे वळले, "यार, किसका शॉट था?"

"तेरा ही था. और किसका होगा?" आबा म्हणाले आणि चालू लागले. आवाजात दया नाही, समजूत काढणं नाही. तिशीत असताना जसं बोलले असतील, तसंच.

गोल्फला पंच नसतो, म्हणजे असा रोजच्या खेळात तरी नसतो. आपले फटके आपण मोजायचे आणि स्पर्धेसारखं खेळत असलो, तर एकमेकांच्या कार्डावर लिहायचे. हे चौघं मित्र असूनही कार्ड काटेकोर लिहितात. काकांचं कार्ड आबांकडे होतं. वयामुळे नऊच होल खेळायचे ठरले होते. एका होलला आबांचा चेंडू देवदाराच्या वाळलेल्या सुयांमध्ये जाऊन बसला. त्यांनी क्लब टेकवला आणि चेंडू जरासा हलला. मी दोन हातांवर उभा होतो, मलाही दिसलं नाही. आबांनी चेंडू उचलून पूर्वीच्या जागी ठेवला आणि चंडीगडच्या काकांना ओरडून सांगितलं, "एक मेरा और लिख." 1925 च्या गोल्फच्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स या खेळाडूनं असाच एक दंडाचा फटका स्वतःवर लावून घेतला होता. मग बरोबरी झाली आणि निकालासाठी पुन्हा खेळलेल्या प्लेऑफमध्ये तो एका फटक्यानं हरला. हे आबांनी मला चढ चढताना सांगितलं, कसलाही आव न आणता.

पुढच्याच एका छोट्या, पार-तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या होलला जबलपूरच्या काकांचं बिनसलं. चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात गेला. दोनदा वाळूच उडाली. चेंडू बाहेर आला तो ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, पलीकडे. परत आणला, मग पटरनं तीनदा. आपण कुठे आहोत तेच त्यांना समजेनासं झालं होतं, चेहरा उतरला होता. तिघंही थांबून राहिले. कुणी "चल, उचल चेंडू" म्हणालं नाही. शेवटी चेंडू पडल्याचा आवाज आला आणि काकांनी विचारलं, "कितने हुए?"

मला वाटलं, आबा पाच-सहा सांगतील. कोण मोजतंय?

"आठ," आबा म्हणाले, आणि कार्डावर आठ लिहिले.

सोनू, मला ते लागलं. रात्री खोलीत मी विचारलंच, की आबा, सहा लिहिले असते तर काय बिघडलं असतं? ते गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, "त्याला आठवत नाही म्हणून त्यानं मारलेले फटके कमी होतात का? आज मी त्याला दोन फटके सोडले, की उद्यापासून तो आमच्यात पेशंट. आठ म्हणजे आठ. तो आमच्याबरोबर खेळायला आलाय."

मी त्यावर काही बोललो नाही. अजूनही विचार करतोय.

रविवारी ते खेळत असताना मी थोडा वेळ काकूंबरोबर उन्हात बसलो. त्यांनी सांगितलं, की हे तिघं आळीपाळीनं रोज संध्याकाळी सात वाजता काकांना फोन करतात. आबा रात्री जेवणाआधी गच्चीवर जातात ते फेऱ्या मारायला, असं आपण समजत होतो. फोनवर खडकवासल्याचे तेच तेच किस्से. काका विसरतात आणि हे पुन्हा पहिल्यापासून सांगतात. काकू म्हणाल्या, त्या अर्ध्या तासानंतर काकांना झोप बरी लागते. पूर्वी आंतर्देशीय पत्रं होती, ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास थांबणं होतं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बायपास, प्रत्येक वेळी रजा टाकून, रेल्वेत कशीबशी जागा मिळवून एकमेकांकडे पोचलेले हे लोक. मैत्री टिकली म्हणतात, पण टिकवायला या माणसांनी किती कष्ट घेतलेत ते मी या दोन दिवसांत पाहिलं.

आता तुझ्याबद्दल. डिसेंबरमध्ये शाळेतली तुमची चौकडी राजमाचीला जाणार होती. मागच्या आठवड्यात तू म्हणालास, "इंटर्नशिपचं टेन्शन आहे बाबा, आणि आता आमचं तसं फारसं बोलणंही होत नाही." तेव्हा मी काही म्हणालो नाही. आता म्हणतो. इंटर्नशिप महत्त्वाची आहे, मला मान्य आहे. पण दोन दिवस काढ. बोलणं होत नसेल तर तू फोन कर. त्यानं केला नाही, मग मीच का करू, हा हिशेब ठेवू नकोस. तुझं गणित कच्चं होतं तेव्हा रोज सायकलवरून येऊन तुझ्याबरोबर बसणारा मुलगा कोण होता, हे तुझ्याइतकंच मलाही आठवतंय. सध्या त्याचं कॉलेज बदलायचं चाललंय आणि तो जरा खचलाय, असं त्याची आई तुझ्या आईला म्हणाली. हे तुला माहीत आहे का?

पुढच्या ऑक्टोबरला चौघांनी पुन्हा नालदेहराच ठरवलंय. जबलपूरच्या काकांना कॅडीपेक्षा घरचं कुणीतरी बरोबर हवं असेल, म्हणून आबांनी तुझं नाव सुचवलंय. तुझ्या सहामाहीच्या तारखा कळल्या की सांग, म्हणजे चंडीगडची तिकिटं काढून ठेवतो.

आणि राजमाचीचं नक्की झालं की तेही कळव. पहाटे चौघांना लोणावळ्यापर्यंत मी गाडीनं सोडतो.

आईनं बेसनाचे लाडू कुरिअरनं पाठवलेत, बुधवारपर्यंत मिळतील.

तुझा,
बाबा