मॅडम, तो पांढरा गॉज आबांना दाखवलात म्हणून

डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

आमच्या पाखऱ्या बैलाची जखम भरत आलीय, वैरणीवर तुटून पडतोय. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, कामच आहे माझं" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

आधी आलेल्यांचा राग अजून गेलेला नाही. बैल सारखी मान झटकतोय, शिंग कललंय, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतंय, हे आम्ही ओरडून सांगत होतो. शिंगाचा कॅन्सर आपल्या बैलांना काही नवा नाही. तरी एकाने "मार लागलाय" म्हणून मलम दिलं. दुसऱ्याने शिंगाचं टोक कापलं, चिळकांडी उडाली तशी तापल्या सळईने डाग दिला, पट्टी आवळली आणि गाडीला किक मारली. रात्री पट्टीतून रक्त ठिबकत होतं आणि त्यांचा फोन लागत नव्हता. शेवटी "आता बाजार दाखवा" असं सांगून मोकळे झाले. आबांनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही.

तुम्ही शिंगाकडे जाणारी धमनी शोधलीत, चिमट्यात धरलीत, दोऱ्याने बांधलीत. बाकीचं मला नीट कळलं नाही. पण चिमटा सोडल्यावर तुम्ही थांबलात. कोरडा गॉज तिथे टेकवून ठेवलात, उचललात आणि कासरा धरून तोंड फिरवून बसलेल्या आबांसमोर धरलात. "आबा, इकडं बघा. पांढराच आहे." तरीही त्याच धमनीला वर आणखी एक गाठ मारलीत.

मॅडम, त्या एका वाक्याने आमच्या म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. दाखवायची काही गरज नव्हती, बैलाला तर त्याचं काहीच नव्हतं.

मी नंतर वाचलं, लष्करातल्या जखमींना डाग देण्याऐवजी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधायची पद्धत अँब्रोइझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याने सोळाव्या शतकातच धरली होती. म्हणजे त्या दुसऱ्या माणसाला महागडं यंत्र कमी पडलं नव्हतं. दोरा हवा होता आणि गाठ टिकते का ते बघायला जागेवर उभं राहायला हवं होतं. मुक्या जनावराजवळ कुणी बघत नसताना असं उभं राहणारी माणसं फार थोडी. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांनाही हे लागो.

टाके काढायला याल तेव्हा जेवल्याशिवाय सोडायचं नाही, असं आईने बजावलंय. भाकरी आणि वांग्याचं भरीत चालेल ना?

आपला,
पाखऱ्याच्या घरचा