पार्टी रूममध्ये झोपते, ड्रायव्हर कुठे? नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मंत्री साहेब, नमस्कार.

मी साताऱ्याचा, स्वतःची टुरिस्ट गाडी आहे, १४ वर्षं झाली स्टेअरिंगवर. गाडीवाल्याचं पत्र परिवहन खात्याला जायचं सोडून तुमच्याकडे कसं, ते खाली सांगतो.

मागच्या डिसेंबरात महाबळेश्वरला पार्टी घेऊन गेलो, पार्टी वर रूममध्ये आणि आमची सोय म्हणजे पार्किंग. सीट मागे पाडून दोन चादरी घेतल्या तरी दात वाजायचे थांबेनात, म्हणून दीड वाजता इंजिन चालू करून हीटर लावला, काचा बंद, म्हटलं दहाच मिनिटं, आणि डोळा लागला. पहाटे वॉचमनने काच बडवून उठवलं तेव्हा डोकं फुटायला आलेलं, उतरल्या उतरल्या उलटी, पाय लटपटत होते. गाडी मागे भिंतीला चिकटवून लावलेली, त्यात सायलेंसरचा जॉइंट लीक, हे नंतर मेकॅनिकने दाखवलं. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड गॅसला ना रंग ना वास, रक्तात ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून घट्ट चिकटतो, झोपलेल्याला कळायचं कसं? डिसेंबर २०२४ ला केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेच्या कॅरव्हॅनमध्ये दोघं मेलेले सापडले, तिथे जनरेटरचा गॅस आत शिरला होता.

इंजिन बंद ठेवा, काच दोन बोटं खाली घ्या, सगळे सांगतात आणि बरोबरच आहे, मी आता तेच करतो. पण काच खाली घेतली की कोकणात डास फोडून काढतात (मच्छरदाणीचा तुकडा चुंबकाने लावतो, तेवढाच जुगाड) आणि मोबाईल कोण कधी उचलेल ह्या भीतीने अर्धी झोप तशीच जाते. आणि सकाळी त्याच डोळ्यांनी लहान पोरंबाळं असलेली पार्टी आंबेनळी घाटातून उतरवायची. नाइट भत्ता मिळतो हो, पण सीझनला तेवढ्यात रूम सोडा, खाटसुद्धा मिळत नाही.

आता तुमच्याकडे का, तर तामिळनाडूने २०२३ मध्ये ड्रायव्हरच्या झोपायची सोय परिवहनच्या नाही, बांधकामाच्या नियमात घातली. हॉटेल-लॉजला जेवढ्या गाड्यांचं पार्किंग तेवढे ड्रायव्हरचे बेड, आवारात नाहीतर २५० मीटरच्या आत, सोबत संडास-बाथरूम. आपल्याकडे २०२० पासून राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आहे, ती तुमच्याच खात्याची. पार्किंग किती सोडायचं ते त्यात आहेच ना, मग त्या पार्किंगमधल्या माणसाची एक ओळ घाला की. आणि फक्त नव्या हॉटेलांना नको, जुन्यांनाही परवाना रिन्यू करताना विचारा, कारण आम्ही झोपतो ती बहुतेक जुनीच आहेत.

शनिवारी परत महाबळेश्वर आहे, त्याच हॉटेलात. ह्या वेळी चादरी नाही, घोंगडी घेतलीय, आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवणार आहे की पाचला काच वाजव.

आपला,
एक टुरिस्ट गाडीवाला, सातारा