किडनीच्या शेजारची ग्रंथी

फोंडा,
शनिवार, रात्र

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेली तुमच्या कुत्रीची, चिंगीची फाईल आज दुपारी सगळी वाचून काढली. मार्चपासूनचे कागद तू तारखेप्रमाणे लावून ठेवलेस, हे फार बरं झालं. एकेक कागद सुटा हातात आला असता तर मलाही त्यातून काही उलगडलं नसतं. दवाखान्यात तुला किडनी गेली असं सांगितलं, त्यावर फोनवर घाईत 'किडनी गेली असं धरून चालू नकोस' एवढंच बोललो. मागून वहिनी काहीतरी विचारत होत्या, ते नीट ऐकूही आलं नाही. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. त्यांनाही वाचून दाखव.

आधी मुद्द्याचं. मला संशय आहे तो ॲडिसनच्या आजाराचा, म्हणजे किडनीला लागून असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी काम करेनाशा झाल्याचा. तो एका रक्तचाचणीने पक्का कळतो, नाहीतर पक्का खोडता येतो. आणि तोच निघाला तर रोजच्या औषधावर चिंगी तिचं पुरतं आयुष्य जगेल. तोवर तीन गोष्टी पाळ. गुरुवारी लिहून दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टिरॉइडच्या, गोळ्या चाचणी होईपर्यंत सुरू करू नकोस. किडनीसाठीचं ते कमी मिठाचं डबाबंद अन्न बंद कर. आणि वहिनी मायेने शहाळ्याचं पाणी पाजतायत, ते आजपासून पूर्ण थांबव. कारणं पुढे ओघात येतीलच. मात्र ती परत कोसळली, उभी राहीना, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर चाचणीची वाट बघायची नाही. म्हापशात जो दवाखाना उघडा असेल तिथे नेऊन सलाईन लाव आणि मला फोन कर. चाचणी मागाहूनही करता येते.

आता फाईल काय सांगते ते. शिगम्याच्या दिवसांत पहिल्या उलट्या. मे महिन्यात मुंबईची मंडळी आली तेव्हा जुलाब आणि अंग थरथरणं. चवथीला घर माणसांनी भरलेलं, तेव्हा तीन दिवस अन्नाला तोंड नाही. आणि आता नरकासुराच्या रात्री ढोल-फटाके झाले, दुसऱ्या दिवशी मागचे पाय लटपटून ती अंगणातच बसली. दर वेळी दवाखान्यात सलाईन आणि एक स्टिरॉइडचं इंजेक्शन. दर वेळी दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत घरी. कधी पोट बिघडलं म्हणून औषध, कधी गोचीडताप म्हणून डॉक्सिसायक्लिन. मधल्या काळात वजन मात्र 31 किलोवरून 26 वर.

यात कुठल्या डॉक्टरांचा दोष काढत बसू नकोस. आपल्याकडे पावसाळ्यात मलूल झालेलं कुत्रं आलं की पहिला संशय गोचीडतापाचाच घ्यायचा असतो, आणि बहुतेक वेळा तो खराही निघतो. पण चिंगीच्या चारही रिपोर्टांत प्लेटलेट्स अडीच लाखांच्या वरच आहेत. गोचीडतापात त्या बहुधा घसरतात. ती औषधाने बरी झाली असं वाटलं, पण दर वेळी तिला उभं केलं ते सलाईनने आणि स्टिरॉइडने. माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते तिथेच. ज्या दोन गोष्टी तिचं शरीर करू शकत नव्हतं, त्याच तिला बाहेरून मिळत होत्या.

ॲड्रिनल ग्रंथी दोन, प्रत्येक किडनीपाशी एक, भुईमुगाच्या दाण्याहून थोडी लांबट. बाहेरच्या सालीतून मुख्यतः दोन संप्रेरकं निघतात. कॉर्टिसोल हे ताणाच्या वेळी रक्तदाब, साखर, आतडी सांभाळतं. पाहुणे, आवाज, प्रवास, ताप, काहीही झालं की निरोगी कुत्र्यात ते वाढतं. दुसरं अल्डोस्टेरॉन. ते किडनीला सोडियम धरून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. ॲडिसनमध्ये बहुतेकदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ही साल हळूहळू नष्ट करते. थॉमस ॲडिसन या लंडनच्या डॉक्टरने 1855 मध्ये माणसांत हा आजार मांडला. कुत्र्यांत तो जास्त करून तरुण आणि मध्यम वयाच्या माद्यांत दिसतो. चिंगी साडेचार वर्षांची. साल जवळजवळ सगळी संपेपर्यंत रोजच्या दिवसांत फारसं काही कळत नाही. जरा ताण आला की मात्र तिच्याकडे शिल्लक काही नसतं. म्हणून सणावारी आजारी आणि एरवी ठीक, असं चाललं होतं.

गुरुवारच्या रिपोर्टात सोडियम 128 आणि पोटॅशियम 6.9. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं तर साडेअठरा येतात. निरोगी कुत्र्यात हा भागाकार 27 च्या वर असतो. 24 च्या खाली गेला की ॲडिसनचा संशय बळावतो, आणि साडेअठरा म्हणजे तर बराच खाली. एवढ्यावर निदान ठोकता येत नाही हेही खरं. लघवी अडली असेल, किडनी खरोखर निकामी झाली असेल, किंवा आतड्यात चाबूककृमी झाले असतील तरी हुबेहूब असेच आकडे येतात. म्हणून येताना सकाळची ताजी विष्ठा एका स्वच्छ डबीत आण. ती मी स्वतः बघतो.

शहाळ्याचं कारण हेच. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी थोडं. माणसाला जुलाब झाले की आपण ते देतो, पण जिच्या रक्तात पोटॅशियम आधीच साठलंय तिच्या हृदयावर त्याचा थेट ताण येतो. वहिनींना सांग, पेज द्या, आणि पेजेत चिमूटभर मीठ घाला. किडनीच्या डब्यात मीठ मुद्दाम कमी केलेलं असतं. हिला तर मिठाचीच तूट आहे.

हृदयावरून आठवलं. केसपेपरवर कोपऱ्यात 'ठोके 64' असं लिहिलंय. पाणी संपलेलं, पडून राहिलेलं कुत्रं म्हणजे ठोके 140-150 तरी हवेत. शरीर रक्तदाब टिकवायला धडपडत असतं. त्या अवस्थेत 64 म्हणजे ठोके शांत नसून पोटॅशियमने दाबलेले आहेत. अख्ख्या फाईलमध्ये मला सगळ्यात बोलका वाटला तो हाच आकडा, आणि त्याच्याकडे कुणी थांबून पाहिलेलं दिसत नाही. ईसीजी काढला असता तर उंच टोकदार टी-लहरी आणि दबलेल्या पी-लहरी दिसल्या असत्या, असा माझा अंदाज आहे.

मग किडनी म्हटलं कशावरून? क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 3.4 वर चढलेलं आणि लघवी पातळ, विशिष्ट गुरुत्व 1.018. पाणी कमी पडलं तर निरोगी किडनी लघवी घट्ट करते. हिची पातळ, म्हणून किडनी गेली, असा तो हिशेब. एरवी हिशेब बरोबर आहे. पण लघवी घट्ट करायला किडनीला सोडियम लागतं, आणि सोडियम सतत वाहून जात असेल तर धडधाकट किडनीलाही ते जमत नाही. शिवाय शनिवार सकाळचा, म्हणजे आजचाच रिपोर्ट बघ. दोन दिवसांच्या सलाईननंतर क्रिएटिनिन 1.3. कायमची खराब झालेली किडनी दोन दिवसांत अशी पूर्ववत होत नाही. रक्तपुरवठा कमी पडला होता, तो मिळाला, किडनी कामाला लागली.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. गंभीर आजारी कुत्र्यात कॉर्टिसोल वाढतं, त्यामुळे लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी घटतात. चिंगी मरणाच्या दारात असताना दोन्ही भरपूर आहेत. इओसिनोफिल वाढले की आपण सहज जंत म्हणून सोडून देतो. पण इतक्या आजारी कुत्रीच्या रक्तात ताणाची खूणच नसावी, हा पुरावा समजायचा. काही कुत्र्यांत सोडियम-पोटॅशियम अजिबात बिघडत नाही, फक्त कॉर्टिसोल संपलेलं असतं. नुसत्या उलट्या, वजन घटणं, थकवा. तिथे हाच एक धागा हाताशी उरतो. हा आजार दहा आजारांची सोंगं घेतो, म्हणून प्रत्येक सोंगावर वेगळं औषध होत राहतं.

आता चाचणी. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचा हुकूम धाडते आणि ॲड्रिनल कॉर्टिसोल सोडते. आपण हाच हुकूम इंजेक्शनने द्यायचा आणि ग्रंथी काय करते ते बघायचं. आधी रक्ताचा एक नमुना घ्यायचा, मग शिरेतून कृत्रिम एसीटीएच, किलोमागे 5 मायक्रोग्रॅम, आणि बरोबर एका तासाने दुसरा नमुना. चिंगीला 130 मायक्रोग्रॅम लागतील. हे इंजेक्शन माणसांसाठीचंच असतं आणि 250 च्या एका कुपीत भागतं. निरोगी कुत्र्यात दुसऱ्या नमुन्यात कॉर्टिसोल कित्येक पटींनी वाढतं. ॲडिसनमध्ये दोन्ही नमुने 2 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली राहतात. खर्च वाचवायला कुणी नुसतं एकदाच कॉर्टिसोल तपासायला सांगेल. ते 2 च्या वर आलं तर ॲडिसन बहुतेक नाहीच, असं म्हणता येतं. पण खाली आलं तर काहीच सिद्ध होत नाही, निरोगी कुत्र्यातही ते कधीकधी खाली असतं. चिंगीच्या बाबतीत मला सरळ पूर्ण चाचणीच करायची आहे. नमुना माणसांच्या लॅबमध्ये जाईल, कारण कॉर्टिसोल हे दोघांतही एकच रसायन. फक्त रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा माणसाची असेल. ती बघून घाबरू नकोस आणि निश्चिंतही होऊ नकोस.

प्रेडनिसोलोनचं कारण इथे आहे. लॅबचं किट त्याला कॉर्टिसोलच समजतं, म्हणजे आकडा खोटा वर येतो. शिवाय ते बरेच दिवस घेतलं तर निरोगी ग्रंथीही झोपते, आणि मग आजार खरा की औषधाने आणलेला, हे सांगता येत नाही. गुरुवारी इंजेक्शनने दिलं ते स्टिरॉइड डेक्सामेथासोन होतं. किट त्याला ओळखत नाही आणि एका डोसाने ग्रंथी बंद पडत नाही, त्यामुळे आपलं काही बिघडलेलं नाही.

निदान ठरलं तर फ्लुड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्या रोज, अल्डोस्टेरॉनची जागा भरायला. परदेशात त्याऐवजी डीओसीपीचं इंजेक्शन साधारण महिन्याला एक देतात. आणि जोडीला प्रेडनिसोलोन अगदी थोडं, किलोमागे 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम, चाचणीनंतर. पहिले काही आठवडे सोडियम-पोटॅशियम वारंवार तपासून डोस बसवावा लागेल. पुढे शिगमा, चवथ, नरकासुर, प्रवास, ऑपरेशन यांच्या आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन दुप्पट करायचं. हे कॅलेंडर वहिनी तुझ्यापेक्षा चोख सांभाळतील याची मला खात्री आहे. मुलांना सांग, हा रोग संसर्गाने पसरत नाही, तिला पूर्वीसारखं कुशीत घ्यायला हरकत नाही.

म्हापशाच्या काकींच्या स्पिट्झबद्दल तू विचारलंस. बारा वर्षांचा, पोट सुटलेलं, पाठीचे केस गेलेले, दिवसरात्र पाणी पितो, धापा टाकतो. हे सगळं ॲडिसनच्या उलट आहे, कॉर्टिसोल जास्त झाल्याचं, म्हणजे कुशिंगचं. आपोआप होणाऱ्या कुशिंगमध्ये शंभरातल्या ऐंशीहून जास्त कुत्र्यांत पिट्युटरीत बारीक गाठ असते, बाकीच्यांत ॲड्रिनलमध्ये. पण त्याआधी काकींना एक विचार: याला खाज सुटली म्हणून किती वर्षं इंजेक्शनं दिली? आपल्या दमट हवेत जून ते सप्टेंबर कुत्र्यांची कातडी पेटते आणि लांब टिकणारं स्टिरॉइड टोचून घेणं सोपं पडतं. कानाचे थेंब आणि मलमातूनही ते अंगात जातं. त्याने हुबेहूब कुशिंग दिसतं, पण त्याच्या स्वतःच्या ग्रंथी मात्र सुकलेल्या असतात. त्याची एसीटीएच चाचणी केली तर चिंगीसारखाच सपाट आकडा येईल. म्हणून मागच्या औषधांची चौकशी सोडून नुसता रिपोर्ट वाचणारा माणूस मला धोक्याचा वाटतो. काकींनी ते स्टिरॉइड एकदम तोडू नये. ते हळूहळूच उतरवायचं, नाहीतर कुत्रा चिंगीसारखा कोसळेल.

औषधं नसतील दिली तर मग आठ तासांची डेक्सामेथासोन चाचणी आहे, 0, 4 आणि 8 तासांना रक्त. पण तीही दुसरा काही आजार चालू असताना नको, ताणाने खोटी येते. तोवर त्यांना एवढंच करायला सांग: दोन दिवस पाणी मोजून ठेवा. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं तर मला कळवा, आणि घरीच त्याची सकाळची पहिली लघवी डबीत धरून ठेवा. पाणी तोडायचं मात्र नाही, तहान खरी असते.

सोमवारी सकाळी चिंगीला घेऊन ये. पेडण्याहून लवकर निघ, उन्हाच्या आत पोचशील. सकाळचं जेवण देऊ नकोस, पाणी दे. गाडीत तिच्याजवळ वहिनी बसल्या तर उत्तम, ती त्यांच्याकडे शांत राहते. मूळ फाईल, गुरुवारी दिलेल्या इंजेक्शनची चिठ्ठी आणि विष्ठेची डबी, एवढं विसरू नकोस. इंजेक्शनची कुपी मी उद्याच मागवून फ्रीजमध्ये ठेवतो. दुसरा नमुना घेईपर्यंतचा तासभर आमच्याकडेच बसा. जेवूनच जायचं, घरी तसं सांगून ठेवलंय. उद्या संध्याकाळी ती कशी आहे ते फोन करून सांग. हिरड्यांचा रंग आणि मांडीच्या आत हात ठेवून मोजलेले ठोके, दोन्ही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश